परदेशींचा कुशलसमाचार

सन १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या, त्या ४ जूनला न्यूयॉर्कास पोहोंचल्या. त्या काळीं पत्रासही आठवडे लागत, आणि घरचीं माणसें धीर धरीत. आतां लातुरांत बसून अमेरिकेंतील मुलाचें मुख दिसतें. धीर मात्र तासाभराचाही उरला नाहीं.

गेल्या नोव्हेंबरांत लातूरच्या आमच्या वहिनी ठरल्याप्रमाणें सायंकाळीं सातांस मोबाईल घेऊन बसल्या. न्यूयॉर्कहून मुलाचा फोन येईना. वहिनींनीं देव पाण्यांत घातले. आम्हांस नांदेडास निरोप आला. आठांस फोन वाजला! तेथें नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं घड्याळें तासभर मागें घेतात. साडेनऊ तासांचें अंतर साडेदहा होतें. चिरंजीवांनीं आपल्या साडेनवासच फोन केला होता.

परदेशीं जाणारानें भारतांतील क्रमांक रोमिंगवर चालू ठेवावा, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. मात्र इंटरनेटचें रोमिंग बंद करून तेथील सिमकार्ड किंवा वायफाय वापरावें, म्हणजे बिल फुगत नाहीं. आणि बोलण्याची वेळ ठरवावी ती येथल्या घड्याळानें. वाट पाहणारें माणूस येथें आहे. तासांचा हिशेब त्यानें कां ठेवावा?