कलाश्निकोव्हचा कर्ता कोण?

एके-४७ या बंदुकीची जन्मकथा पुराणकथेसारखी सांगितली जाते. १९४१ च्या ऑक्टोबरात ब्र्यान्स्कजवळ जखमी झालेला रणगाडा दलातील एक सार्जंट रुग्णालयाच्या खाटेवर बंदुकीची स्वप्ने पाहतो आणि या शेतकऱ्याच्या पोराची प्रतिभा जग जिंकते! या कथेला आमचा आक्षेप आहे. ती सर्वस्वी खोटी आहे म्हणून नव्हे, फार सोयीची आहे म्हणून.

वस्तुस्थिती पाहा. या बंदुकीच्या काडतुसाचे काम १९४३ मध्येच, इतरांच्या हातून, सुरू झाले होते. फिरता बोल्ट अमेरिकन गॅरंड रायफलीत आधीपासून होता. १९४७ च्या चाचण्यांसाठी आराखड्याची फेरमांडणी झाली, तीत अलेक्सांद्र झाइत्सेव्ह यांचा मोठा वाटा होता. १९४९ मध्ये बंदूक सैन्यात दाखल झाली, तरी पत्र्याचा रिसीव्हर कारखान्याला नीट साधेना. काही वर्षे तो पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावा लागला. १९५९ च्या एकेएममध्ये पत्रा पुन्हा आला. अनामिक कारागिरांच्या या दहा वर्षांना कथेत स्थान नाही.

मग ही जर्मन श्टुर्मगेव्हेर-४४ ची नक्कल म्हणायची काय? तसे म्हणणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. जर्मन बंदुकीचा बोल्ट तिरपा होऊन अडकतो, रशियन बंदुकीचा फिरून. मुखपृष्ठ पाहून ग्रंथाचे परीक्षण लिहिणाराच या दोहोंत गफलत करील. गंमत अशी, की २०१७ मध्ये मॉस्कोत उभारलेल्या कलाश्निकोव्हच्या स्मारकावरच त्या जर्मन बंदुकीचा आराखडा कोरला गेला आणि नंतर तो कापून काढावा लागला. पूजा बांधणाऱ्यांनीही संहिता वाचली नव्हती!

एकच कर्ता मानला की श्रेय एकाचे होते, तसे पापही एकाचेच होते. कलाश्निकोव्ह आयुष्यभर राजकारण्यांकडे बोट दाखवीत राहिले. पण २०१२ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, रशियन धर्मप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी विचारले, की या बंदुकीने मेलेल्यांचा दोष आपल्यावर येतो काय. वृद्धाला हा प्रश्न छळत होता. ती देशोदेशी वाटणाऱ्या राज्यसंस्थांनी असे पत्र कोणाला लिहिले?

वर्गात आम्ही ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवतो आणि परीक्षेत लेखकाचे चरित्र विचारतो. साहित्यात ही विसंगती फार तर गुण घालवते. बंदुकीच्या बाबतीत ती गुन्हेगार लपवते.