आधी पेठ, मग परभाषा

आंतरराष्ट्रीय व्यापारात उमेदवारी करू इच्छिणाऱ्या तरुणाने कोणती परकी भाषा शिकावी, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारला की उत्तर देणाऱ्यांचा तोटा पडत नाही. आणि ते उत्तर बहुधा लोकसंख्येच्या कोष्टकातून उचललेले असते. चिनी बोलणारे कोट्यवधी, म्हणून चिनी. स्पॅनिश वीसेक देशांची राजभाषा, म्हणून स्पॅनिश. आखातात पैसा, म्हणून अरबी. दुसरा पक्ष म्हणतो की इंग्रजी येत असता हा सारा खटाटोपच व्यर्थ होय. तिसरा पक्ष कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर मराठीला रजा देऊन फ्रेंच किंवा जर्मन लिहिणाऱ्यांचा. त्यांना गुण हवे असतात, भाषा नको असते, आणि दोन वर्षांनी त्यांचे दोन्ही मनोरथ पूर्ण होतात. या तिसऱ्यांशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या दोघांचा मात्र परामर्श घेणे प्राप्त आहे.

संख्येचा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटला, तरी व्यापार हा भाषकांच्या समुदायाशी होत नसतो, तो अमुक एका मालाच्या अमुक एका गिऱ्हाइकाशी होत असतो, ही साधी गोष्ट त्याच्या पुरस्कर्त्यांच्या दृष्टीआड झालेली असते. मुंबईच्या लोहार चाळीत विजेचे सामान विकणाऱ्या आणि तो माल खुद्द चीनमधून आणणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाने चिनी शिकावी, हे निर्विवाद आहे. आकुर्डीहून कोलंबियात मोटारसायकली धाडणाऱ्या बजाजच्या निर्यात खात्यात ज्याला शिरायचे आहे, त्याने स्पॅनिशला हात घालावा, हेही तितकेच उघड आहे. परंतु या दोघांनी एकमेकांची भाषा शिकली तर त्यांच्या श्रमाचे चीज होणार नाही, मग त्या भाषांचे बोलणारे किती का कोटी असेनात. राष्ट्राच्या सामर्थ्यावर भाळून भाषा निवडण्याचा परिणाम तर एका पिढीने प्रत्यक्ष पाहिला आहे. सोव्हिएत संघाशी रुपयांत देवघेव चालत असता आणि त्याच्या साहाय्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत असता रशियन ही भावी काळाची भाषा मानली जाई. 1991 मध्ये ते राज्यच विसर्जित झाले आणि त्या भाषेची मागणी झपाट्याने ओसरली. मात्र नाशिकजवळ ओझर येथे प्रथम मिग व पुढे सुखोई विमाने बांधली जात राहिल्यामुळे, ज्याला रशियनच्या जोडीला विमानाच्या यंत्रभागांचेही ज्ञान होते, त्याची विद्या फुकट जाण्याचे कारण नव्हते.

इंग्रजी पुरते, हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. नाशिकची द्राक्षे हॉलंडात उतरतात, तेथील आयातदार उत्तम इंग्रजी बोलतो, औषधांच्या अवशेषांचा तपासणी-दाखला इंग्रजीतच असतो. बागाईतदाराच्या मुलाने डच शिकली तर ते सौजन्य ठरेल, पण पेटीमागे एक छदामही वाढणार नाही. येथवर आम्ही त्या पक्षाचे म्हणणे बिनशर्त मान्य करतो.

आता काजूकडे वळू. वेंगुर्ले, सावंतवाडी, आजरा, चंदगड या टापूतील कारखाने केवळ स्थानिक बीवर वर्षभर चालत नाहीत. उन्हाळ्यातली बी संपली की आफ्रिकेतून आणलेल्या बीवर भिस्त ठेवावी लागते, आणि ती मुख्यतः आयव्हरी कोस्ट, गिनी-बिसाव, घाना या पश्चिमेकडील मुलुखांतून येते. घानात इंग्रजी चालते; आयव्हरी कोस्टचे दफ्तर फ्रेंच. सौद्याचा सारा भार उताऱ्यावर, म्हणजे 80 किलोच्या पोत्यामागे किती पौंड चांगला गर निघेल यावर असतो. 47 की 49, एवढ्या फरकात कारखानदाराचा हंगामाचा नफा बुडू शकतो. नमुना काढतात, बी कापतात, डागी, पोचट, कोवळी, किडकी निराळी करतात, आणि तेथेच तंट्याला तोंड फुटते. नमुना कोणत्या थप्पीतून घ्यावा, ओल किती धरावी, तूट कोणी सोसावी, या बाबी वखारीत उभ्या उभ्या निकालात निघतात. आणि वखारीचा कारकून, गावोगाव हिंडून बी गोळा करणारा अडत्या, मालमोटारीचा मुकादम यांपैकी कोणाचेही इंग्रजीशी सख्य असेलच याची हमी नाही. इंग्रजी जाणणारा इसम बहुधा एकच, तो म्हणजे दलाल. आणि केवळ इंग्रजीच्या बळावर गेलेल्या खरेदीदाराला दलाल जेवढे सांगेल तेवढेच ऐकू येते. आमच्या मते भाषेच्या निवडीची खरी कसोटी येथे सापडते: आपल्या मालाच्या पेठेत इंग्रजी समजणारा जर एकटा दलालच असेल, तर त्या पेठेची भाषा शिकावी, अन्यथा खुशाल इंग्रजीवर भागवावे.

यावर कोणी खिशातल्या भाषांतरयंत्राचा दाखला देईल. करारनाम्याचा मसुदा ते यंत्र वाचून दाखवील, हे आम्ही नाकारीत नाही. पण थप्पीआड तिघांनी एकमेकांत काय बोलून घेतले, ते यंत्राच्या कानावर जाणार तरी कसे? फ्रेंच आली म्हणजे तेथले सर्वच कळेल, असाही आमचा दावा नाही; आयव्हरी कोस्टच्या उत्तर भागात, जेथे काजू पिकतो, तेथे बाजाराची बोली दिऊला आहे. तथापि शेतकऱ्याला द्यावयाचा किमान भाव सरकार हंगामाच्या आरंभी जाहीर करते तो फ्रेंचमध्ये, आणि व्यवहार फिसकटून फिर्यादीची पाळी आली तर ज्या सामायिक व्यापारी कायद्याखाली 17 आफ्रिकी राष्ट्रे नांदतात, त्याचे न्यायालय आबीजान येथे बसते व त्याचे कामकाज प्रामुख्याने फ्रेंचमध्येच चालते.

काठिण्याचा आक्षेप राहिला. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेने जपानीला सुमारे 2,200 तास आणि फ्रेंच वा स्पॅनिशला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास वेळ ठरवला आहे, आणि तो हिशेब आपल्याकडेही वेदवाक्यासारखा सांगितला जातो. तो इंग्रजी मातृभाषेच्या माणसासाठी केलेला आहे, एवढे सांगायचे मात्र राहून जाते. क्रियापद वाक्याच्या अंती, विभक्तीची कामे नामाला मागून चिकटणाऱ्या शब्दांकडे, समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियेचे रूप पालटलेले, ही जपानीची ठेवण मराठी माणसाला परकी वाटू नये. 2,136 नित्योपयोगी चित्राक्षरांचा डोंगर अर्थातच कोणाला चुकत नाही. पण चाकणला किंवा सुप्याला जपानी कारखान्याच्या रेखाचित्रांवरील हस्तलिखित टिपा ज्याला वाचायच्या आहेत, त्याने तो चढावा.

गोमंतकीय वाचक मात्र येथे एक रास्त हरकत घेईल: गिनी-बिसावची राजभाषा पोर्तुगीज, गोव्यात ती अजून काही घरांत नांदते, गोवा विद्यापीठात तिचा अभ्यास होतो, मग काजूसाठी तीच का नको? ब्राझीलच्या औषधनियंत्रकाकडे नोंदणीचे कागद दाखल करणाऱ्याला ती अवश्य हवी, मोझांबिकशी व्यवहार करणाऱ्यालाही हवी. परंतु बिसावने 1997 मध्ये आपले चलन सोडून शेजारच्या फ्रेंचभाषी राष्ट्रांचा फ्रँक स्वीकारला, वर सांगितलेल्या 17 राष्ट्रांत तेही एक आहे, आणि त्याच्या दोन्ही सीमांना फ्रेंचमध्ये कारभार करणारे देश आहेत. तेव्हा काजूबीच्या खरेदीत पडणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे फ्रेंचला द्यावीत, आणि ज्याच्या घरी आजी अद्याप पोर्तुगीज बोलते, त्याने तिच्यापाशी बसून ती भाषा फुकट पदरात पाडून घ्यावी.