अळीने काय खाल्ले?

तळ्यात कोळंबी वाढवली की समुद्रातली मासळी वाचते, असे तुम्हांला वाटते ना? मलाही वाटत असे. पण कोळंबीला घालतात त्या खाद्याच्या गोळ्यांत पाहा, मासळीचीच भुकटी असते! लहान मासळी शिजवून, पिळून, वाळवून ती करतात. ताज्या मासळीत बरेचसे पाणीच असल्यामुळे एक किलो भुकटीला चार-पाच किलो मासळी लागते.

या भुकटीचा मोठा पुरवठा पेरू देशाकडून, तिथल्या अँकोव्हेटा माशापासून होतो. तिथे खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते, त्यावर प्लवक पोसतात आणि प्लवकांवर हे मासे. एल निनोच्या वर्षी वरचा उबदार थर ही रसद तोडतो. १९७२-७३ साली एल निनो आणि बेसुमार मासेमारी एकत्र आली नि तो धंदा कोसळला. २०२३ सालीही एक मोठा हंगाम रद्द करावा लागला.

मग पर्याय काय? रोहू, कटला कोंडा आणि पेंडीवर वाढतात. त्यांची फारशी चिंता नाही. सॅमनला मात्र सोयाबीनची पेंड जास्त झाली तर आतडी सुजतात. म्हणून सध्या ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्यांचा बोलबाला आहे. युरोपीय संघाने २०१७ साली मत्स्यखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली. (प्रथिने मोजतात ती नायट्रोजनवरून. अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. त्यामुळे मापात पाप नसले तरी माप फुगते!)

माझा प्रश्न वेगळा आहे. त्या अळीने काय खाल्ले? कोंबडी किंवा मासा जो कोंडा स्वतः खाऊ शकतो तोच अळीला घातला, तर साखळीत एक पायरी वाढली आणि तेवढी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गेली. असला पर्याय मला पटत नाही. अळी वाया जाणाऱ्या अन्नावर वाढली तरच हिशेब जमतो. पण उपाहारगृहांतले उष्टे-खरकटे अळ्यांना घालायला युरोपात बंदी आहे, आणि रोगांची भीती पाहता ती उगाच नाही. शिवाय कचऱ्यात कॅडमियम असेल तर ते अळीत साठते. तेव्हा माश्या पाळण्याआधी पैसा कचरा वेगळा करण्यावर आणि तपासण्यावर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या गावच्या भाजीबाजारात एका संध्याकाळी शिक्षकांसह जा. टाकलेला पाला तोला. त्यातले प्लास्टिक वेचायला किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून मोजा.