गुंडाळीचा पहिला वेढा

आमचें यावल गांव एके काळीं जाड्याभरड्या हातकागदाबद्दल व निळीबद्दल प्रसिद्ध होतें. ते धंदे बुडाले; परंतु कागदाशीं आमचा ऋणानुबंध तुटला नाहीं. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू येथेंच मोठमोठे नकाशे व फलक छापणारें यंत्र चालवितो. मागें एका शाळेचे नकाशे छापतांना निम्मी गुंडाळी तिरपी जाऊन फुकट गेली. कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला. “आबा, यंत्रच खोटें निघालें,” म्हणून तो हळहळला. मीं जवळ बसून पाहिलें, तों दोष यंत्राचा नसून गुंडाळी चढविण्यांतील घाईचा आढळला.

हिशेब सोपा आहे. दर मीटरास कड 1 मिलिमीटर सरकली, तर 30 मीटरांअखेर ती 30 मिलिमीटर सरकते. म्हणून गुंडाळी आदल्या दिवशींच त्या खोलींत ठेवावी, म्हणजे तेथील हवा तिला मानवते. छापण्याची बाजू ओळखावी. दांड्यावर चढवितांना गुंडाळी टोकाच्या चकतीस घट्ट भिडवावी. फट राहूं देऊं नये. स्वच्छ हातांनीं, केवळ कडेस धरून कागद हातभर पुढें घ्यावा व कड सरळ रेषेंत आल्यावांचून दाबपट्टी खालीं सोडूं नये. छापलेला कागद ज्या नळीवर गुंडाळावयाचा, तिला चिकटपट्टी प्रथम मध्यभागीं व मग दोन्ही टोकांस लावावी. ताण सर्वत्र सारखा असावा.

दुसऱ्या दिवशीं नातवानें गुंडाळी उतरवून पुन्हां चढविली. उरलेले नकाशे सरळ निघाले. शाळेंत पहिलें अक्षर वळवून घेण्यांत मी आठ-आठ दिवस घालवीत असें, तें कां, हें त्याला आतां सांगावें लागलें नाहीं.