न झाडल्या जाणाऱ्या बंदुका

माझ्या घरातल्या लोखंडी कपाटात आजोबांची दुनळी बंदूक आहे. बारा बोअरची, बाहेरून घोडे असलेली, विलायती बनावटीची. तिच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या आहेत, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, ठोकून घडवलेल्या. उजेडात धरल्या की त्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ही नक्षीच तिचा दोष आहे. अशा नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी होत्या. आजचे बिनधुराच्या दारूचे काडतूस त्यात घातले तर नळी झाडणाऱ्याच्या हातात फुटण्याची भीती असते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झालेली बारा बोअरची काडतुसे उत्तर भारतातल्या गावोगावच्या दुकानांत मिळतात, पण माझ्या बंदुकीला ती चालवू नयेत असे सांगणारा कारागीर प्रामाणिक होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वडिलांनी शिकार सोडली. त्यानंतर ही बंदूक एकदाही झाडली गेलेली नाही.

तरीही प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी, शस्त्र बाळगण्याचे कारण विचारणाऱ्या रकान्यात मी एकच वाक्य लिहीत आलो : जीवित व मालमत्तेच्या संरक्षणासाठी. हे खोटे आहे. ते खोटे आहे हे मला ठाऊक असते, अर्ज घेणाऱ्या लिपिकाला ठाऊक असते आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही. मी हे खात्रीने म्हणतो, कारण अनेक वर्षे सही करणारा अधिकारी मीच होतो.

नोकरीची उमेदीची वर्षे मी मध्य प्रदेशच्या ग्वाल्हेर-चंबळ भागात काढली. जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत तिथे शस्त्र परवान्याच्या अर्जांना जी किंमत होती, ती रस्ता, शाळा किंवा नळयोजनेच्या मागणीला नव्हती. आमदारांच्या शिफारशी यायच्या, मुलीचे लग्न ठरताना सासरची माणसे परवान्याची चौकशी करायची. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना शस्त्र परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांना ती गंमत वाटली. आम्हाला वाटली नाही. त्या मुलखात पुरुषाच्या खांद्यावर काय असले म्हणजे तो पुरुष ठरतो, याचे ते सरकारी कागदावरचे अचूक वाचन होते. पुढे ग्वाल्हेरमध्ये परवान्यासाठी झाडे लावण्याची अट आली. हेतू चांगलाच होता. पण अर्जदाराला बंदुकीची गरज आहे का, हा प्रश्न दोन्ही वेळी कुणी विचारला नाही.

या बंदुका सगळ्या एका कारणासाठी नसतात, हेही मला तिथेच कळले. काहींची बंदूक म्हणजे भाकरी. परवाना आणि स्वतःची दुनळी असली की मुंबई-पुण्यात बँकेच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी मिळते. मराठी वाचकांनी बँकेत शिरताना दाराशी जो माणूस पाहिला असेल, त्याच्या बंदुकीसाठी कदाचित भिंड किंवा मुरैनामधली एखादी बिघा जमीन विकली गेलेली असते. तो आयुष्यात एकदाही घोडा ओढणार नाही, अशीच बँकेची आणि त्याचीही प्रार्थना असते. काहींची बंदूक म्हणजे मिरवणूक. आणि काहींची, माझ्यासारखी, म्हणजे आजोबा.

केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. जिवाला असलेला धोका हेच कारण खरे मानायचे, तर उत्तर प्रदेशातल्या माणसाचा जीव मराठी माणसाच्या जिवापेक्षा कित्येक पटींनी धोक्यात आहे असे म्हणावे लागेल. गुन्हेगारीत फरक असेल, पण इतका नाही. फरक रिवाजाचा आहे.

मला एक प्रकरण विसरता येत नाही. एका ठेकेदाराला मी .३१५ बोअरच्या रायफलीचा परवाना दिला होता. पोलीस अहवाल स्वच्छ, कारण नेहमीचेच. दोन वर्षांनी पुतण्याच्या वरातीत त्याने हवेत गोळी झाडली. हवेत झाडायची होती, असे नंतर त्याने सांगितले. वरातीपुढे डोक्यावर दिव्याचे झाड घेऊन चालणारा मुलगा जागीच गेला. वय सतरा. तो रोजंदारीवर आलेला होता, नवरदेवाचे नावही त्याला माहीत नसावे. फाइल परत माझ्याकडे आली, परवाना रद्द करण्यासाठी. दोन पाने मागे माझी सही होती. त्या रायफलीने कुणाचेही संरक्षण केले नव्हते, करणारही नव्हती. ती वरातीसाठीच घेतलेली होती आणि हे विचारायला माझ्याजवळ कायद्याने दिलेला एकही प्रश्न नव्हता.

संसदेने २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली. उत्सवी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ती हवीच होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा १९८३ पासून तीन होती, ती दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकच होती; जुन्या घराण्यांच्या वारसा-शस्त्रांचा मुद्दा पुढे आल्यावर सरकारने दोनवर तडजोड केली. वारशाने आलेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू झाली आणि वरची शस्त्रे वर्षभरात जमा करायला सांगण्यात आले. पण ज्या घरात तीन बंदुका होत्या, तिथल्या लोकांनी कोणती जमा केली असेल? जिची काडतुसे मिळत नाहीत, जिचा घोडा अडकतो, ती. चालणाऱ्या दोन घरात राहिल्या. शस्त्रे मोजणाऱ्या कायद्याने धोका जिथे होता तिथेच ठेवला.

१९५९ चा मूळ कायदा या बाबतीत अधिक समंजस होता. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना द्यावा, असे त्यात नाव घेऊन लिहिले आहे. कोकणात आणि गोव्यात रानडुकरांनी ज्यांची भातशेती लोळवली आहे, त्यांना तिचे मोल सांगायला नको. कलम ४५ मध्ये आणखी एक सूट आहे. कालबाह्य किंवा पुरातन मोलाचे वा नादुरुस्त शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, ते कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. मेख ‘दुरुस्ती करून’ या दोन शब्दांत आहे. कुशल लोहाराला काय दुरुस्त करता येणार नाही? म्हणून कोणताही अधिकारी असे प्रमाणपत्र द्यायला धजत नाही. मीही कधी दिले नाही. ब्रिटनमध्ये प्रमाणन संस्था बंदूक कायमची निकामी केल्याचा शिक्का मारते, मग ती भिंतीवर टांगायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे संघराज्याच्या कायद्यात पुरातन मानून वेगळी धरली जातात. त्या देशाकडून शस्त्रधोरण शिकावे असे मी म्हणणार नाही, पण एवढा भेद तरी तिथे आहे.

आपल्याकडे रिवाज म्हणून बंदूक मान्य केल्याचे एकच ठळक उदाहरण आहे, कोडगूचे. कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट इंग्रजांच्या काळापासून आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. तिथे कैलपोळ्द सणाला शस्त्रांची पूजा होते, मुलगा जन्मला की बार काढतात, माणूस गेला तरी काढतात. मला या सवलतीत अस्वस्थ करणारी गोष्ट तिचा निकष आहे : ती जन्मावर आणि जमिनीवर मिळते. तरी एक गोष्ट तिने मोकळेपणाने मान्य केली. बंदूक हा कुटुंबाचा वारसा असू शकतो आणि तसे म्हणायला खोटा शत्रू उभा करावा लागत नाही. खंडेनवमीला देवघरासमोर जुनी तलवार मांडणाऱ्या मराठी घरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पोलीस दलातले माझे एक स्नेही म्हणतात, घरातली प्रत्येक बंदूक ही चोरीला जाण्याची वाट पाहणारी बंदूक असते. खून करणाऱ्याला आजोबांची दुनळी लागत नाही, त्याला कट्टा मिळतो, असे मी त्यांना सांगितले. तेव्हा ते म्हणाले, आणि वरातीत? वरातीतल्या बंदुका परवान्याच्याच असतात. त्यांचे बरोबर होते.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. वारसा-शस्त्रांसाठी वेगळी नोंद करावी : पोलीस शस्त्रागाराच्या कारागिराने नळ्या बुजवाव्यात, घोड्याची कळ काढावी, शिक्का मारावा आणि ती बंदूक परवान्याच्या फेऱ्यातून कायमची सोडवावी. उरलेल्या प्रत्येक चालत्या बंदुकीच्या मालकाला मात्र पाच वर्षांनी खरे कारण पुराव्यासह विचारावे आणि ते संपले असेल तर परवानाही संपवावा. पहारेकऱ्याला त्याची नोकरी हे कारण पुरेसे आहे. ठेकेदाराला नसेल.

हे लिहिताना मी मनातल्या मनात माझी बंदूक त्या कारागिरासमोर ठेवून पाहिली. नळ्यांत शिसे ओतले जाणार म्हटल्यावर नको वाटले. जी बंदूक झाडता येत नाही, झाडायची इच्छा नाही, जिच्यासाठी घरात एक काडतूसही नाही, ती झाडता येण्याजोगी राहावी असे मला वाटते. का, ते पत्नीने विचारले. मला धड सांगता आले नाही. आजोबांचे नाव पुढे करणे सोपे होते, पण त्यात पूर्ण सत्य नव्हते. त्या ठेकेदाराला मी हाच प्रश्न विचारला असता तर तोही असाच अडखळला असता, असे वाटते.

यंदा माझे नूतनीकरण आहे. अर्ज भरून पाठवला, कारणाचा रकाना कोरा ठेवला. चार दिवसांनी कार्यालयातून लिपिकाचा फोन आला. अदबीने म्हणाला, साहेब, एक रकाना राहिला आहे, नेहमीचेच लिहून टाकू का? मी त्याच्याकडे आठवड्याची मुदत मागितली आहे.