बटाईचे शेत आणि मदतीची रक्कम

भेस्तान, उधना, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक खानदेशी कुटुंबांची थोडीबहुत जमीन अद्याप गावी आहे. उधन्याहून ताप्ती व्हॅलीच्या लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर गाठता येते; परंतु पेरणी, निंदणी आणि वेचणी ही कामे रजेच्या चार दिवसांत उरकणारी नव्हेत. म्हणून जमीन एखाद्या भाऊबंदाला अथवा शेजाऱ्याला निम्मे बटाईने दिली जाते. सारा व्यवहार तोंडी होतो; कागद कोणी करीत नाही.

यामागील भीती अगदीच निराधार नाही. सुरत व खानदेश हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्यात असताना 1948 चा कुळकायदा दोहोंना लागू झाला. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी जमीन कसणारी कुळे, काही अपवाद वगळता, कायद्याने खरेदीदार मानली गेली. 1960 साली राज्ये निराळी झाली, तरी कायद्याचे मूळ एकच राहिले. आपण ज्यास कूळ म्हणतो त्यास येथे गणोतियो म्हणतात. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा येथे ‘खेडे तेनी जमीन’ अशी ऐकू येते. कृषकदिनानंतर लावलेल्या कुळालाही खरेदीचा हक्क सांगता येतो. त्यामुळे मालक सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव येऊ देत नाही.

ज्या कायद्याने कसणाऱ्याला मालक केले, त्याच्याच धाकाने आजचा कसणारा निनावी झाला आहे. पीककर्ज मिळताना त्याला अडचण पडते. पंतप्रधान किसान योजनेचे वार्षिक 6,000 रुपये जमीनधारकाला मिळतात. अतिवृष्टीची मदतही सहसा सातबाऱ्यावरील नावानेच येते.

एका वर्षी आमच्या शेतातील कपाशी पावसाने गेली. बियाणे व फवारणी यांचा निम्मा भार बटाईदाराने सोसला होता. श्रम तर सगळेच त्याचे. पुढे मदतीची रक्कम माझ्या खात्यात जमा झाली आणि ती त्याला कळवावी हे मला सुचलेही नाही. आखाजीला गावी गेलो. त्याने चहा दिला, विहिरीवरील मोटारीविषयी बोलला, पैशांचा शब्द काढला नाही. निघताना त्याच्या वृद्ध आईने विचारले, “भाऊ, सरकारनं काही दिलं का हो?” रक्कम सांगताना माझी मान वर झाली नाही. त्याचा वाटा त्याच दिवशी दिला. पण तो मागितल्यावर दिला, हे शल्य राहिले.

नीती आयोगाने 2016 साली जमीन भाड्याने देण्याविषयी नमुना कायदा पुढे ठेवला. मालकाचा हक्क अबाधित राहावा आणि कसणाऱ्यास कर्ज, विमा व मदत मिळावी, हा त्याचा हेतू. परंतु शेतजमीन हा राज्यांचा विषय. म्हणून लेखी करार करण्यापूर्वी आपल्या राज्यातील जाणत्या वकिलाचा सल्ला घेणे इष्ट.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कायद्यावाचून करता येते. नव्या सालाचे बोलणे करताना आपण पीक आल्यावरचे वाटे ठरवितो. पीक बुडाल्यावरचे वाटेही त्याच बैठकीत, घरच्या मंडळींसमक्ष ठरवावेत. खर्च कोणी किती सोसावा, मदत आली तर ती कोणाची, हे पेरणीपूर्वी बोलून घ्यावे. म्हणजे कोणा म्हातारीला उंबऱ्यात उभे राहून आपल्याच घामाचे पैसे विचारावे लागणार नाहीत.