कर दिल्लीत बसतो, मत गावात पडतं

शेतकऱ्याला कर नाही, असं शहरातला माणूस नेहमी ऐकवतो. आयकराचं म्हणाल तर ते खरंच आहे. पण १९ ऑगस्ट २०२३ च्या शनिवारी दिल्लीहून एक अधिसूचना निघाली आणि कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. सोमवारी लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. आयकराची नोटीस ज्याच्या घरी कधी आली नाही त्या माणसाने त्या दिवशी जो कर भरला, तो कुठल्याच वहीत त्याच्या नावावर लिहिला गेला नाही. पावती मात्र त्याने नऊ महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, मतदान यंत्रावर बोट ठेवून फाडली.

कराचा आणि निवडणुकीचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. कांद्याचंच उदाहरण नीट तपासून पाहू.

हे शुल्क कागदोपत्री व्यापाऱ्यावर असतं. बंदरावर तोच ते भरतो. पण हिशेब करून पाहा. समजा, परदेशातला गिऱ्हाईक किलोला ३५ रुपये द्यायला तयार आहे. शुल्क नसलं तर व्यापारी त्यातून भाडं, पॅकिंग, हमाली, घट आणि आपला नफा काढतो आणि उरलेला भाव लिलावात बोलतो. ४० टक्के शुल्क आलं की त्या ३५ पैकी १० रुपये सरकारचे होतात, कारण २५ वर ४० टक्के म्हणजे १०. भाडं कमी होत नाही, हमाली कमी होत नाही, व्यापारी आपला नफा सोडत नाही. मग हे १० रुपये येतात कुठून? ट्रॉलीत बसलेल्या माणसाच्या पट्टीतून. आणि परदेशी जाणाऱ्या मालावर जी ओढ असते तिच्यावरच सगळ्या आवाराचा भाव चढतो-उतरतो. म्हणून ज्याचा कांदा कधी बंदरापर्यंत गेला नाही, त्याचाही भाव पडतो.

वेळही पाहा कोणती. ऑगस्टमध्ये चाळीत असतो तो उन्हाळ कांदा. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला, चार महिने सांभाळलेला, रोज थोडा वजनाने घटणारा, थोडा सडणारा. ज्याने काढणीलाच विकला तो सुटला. ज्याने पुढे दोन पैसे मिळतील म्हणून राखला, बायकापोरांकडून निवडून घेतला, त्याच्यावर शुल्क बसलं. साठवण करा, चाळी बांधा, सगळा माल एकदम बाजारात आणू नका, असं कृषी खातं सांगतं. चाळीला अनुदानही देतं. आणि ज्याने ते ऐकलं त्यालाच दंड.

पुढचा घटनाक्रम मंडळींना पाठ आहे, तरी तारखांसह एकदा लिहून ठेवलेला बरा. ऑक्टोबर २०२३ अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं. ८ डिसेंबर २०२३ पासून सरळ निर्यातबंदी. तेव्हा बाजारात नवा लाल कांदा होता. त्याचा भाव काही आठवड्यांत निम्म्याखाली आला. ३१ मार्च २०२४ ला बंदी संपेल म्हणून लोक थांबले, तर मार्चमध्येच ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वाट मोकळी झाली आणि नाशिककरांच्या जखमेवर मीठ पडलं. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दोन्ही धरलं तर किलोला ६४ रुपयांच्या आसपास खर्च पडल्याशिवाय कांदा बोटीत चढत नव्हता. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. अहमदनगर-शिर्डीचं मतदान होतं १३ मे ला, नाशिक-दिंडोरीचं २० मे ला. म्हणजे घोडे वरातीमागून आले, तेही लंगडत.

१५ मे ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना एका तरुणाने कांद्यावर बोलण्याची मागणी ओरडून केली. निकाल ४ जूनला लागला. ज्या मतदारसंघात लासलगाव आणि पिंपळगाव आहेत त्या दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार, भास्कर भगरे या शिक्षकाकडून लाखावर मतांनी पडल्या. नाशिक, अहमदनगर, शिर्डी, धुळे या जागाही सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. राज्यात भाजपच्या २०१९ मध्ये २३ जागा होत्या, त्या ९ वर आल्या. महायुतीला ४८ पैकी १७ मिळाल्या.

हे सगळं एकट्या कांद्याने केलं असं म्हणणं अति होईल. आरक्षणाचा प्रश्न होता, पक्षफुटीचा राग होता, प्रत्येक मतदारसंघाची आपली गणितं होती. पण निकालानंतर तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार या दोघांनीही कांद्याने फटका दिल्याचं जाहीरपणे कबूल केलं. पुढाऱ्याने स्वतःच्या पराभवाचं कारण धोरणात शोधावं, ही रोज घडणारी गोष्ट नव्हे.

मग प्रश्न असा, की दिल्लीतल्या शहाण्यांना हे आधी दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. पण त्यांना दुसरी भीती मोठी वाटत होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत कांदा भडकला असताना विधानसभेची निवडणूक झाली आणि सत्तेवरचा भाजप ७० पैकी १५ जागांवर आला. काँग्रेसला ५२ मिळाल्या. तेव्हापासून कुठल्याही पक्षाच्या सरकारला कांद्याचा भाव चढला की घाम फुटतो. २०२३ च्या नोव्हेंबरात राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या निवडणुका होत्या आणि पुढे लोकसभा. ग्राहक प्रत्येक मतदारसंघात आहे, कांदा पिकवणारा मोजक्या मतदारसंघांत. बेरीज करणाऱ्याने बेरीज केली. आणि किमान निर्यात मूल्य, निर्यातबंदी ही हत्यारं काँग्रेसच्या राजवटीतही वापरली गेली आहेत, हे विसरू नये. आज विरोधात बसलेले उद्या सत्तेत आले तर त्यांच्याही टेबलावर हीच बेरीज येणार.

गंमत पाहा. भाव चढला तर कर बसतो, पण भाव पडला तर काय होतं? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि सगळी कपात जाऊन त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. मग राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्यासाठी सातबारावर कांद्याची नोंद हवी होती. नोंद नाही म्हणून किती जणांनी तलाठी कार्यालयात खेटे घातले, ते तलाठीभाऊसाहेबांनाच ठाऊक. कर बसवायला सातबारा लागत नाही, परत द्यायचं म्हटलं की सगळे कागद लागतात.

आता दुसरी बाजू. लोकसभेत चटका बसल्यावर राज्यकर्ते शहाणे झाले. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यात मूल्य काढलं आणि शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. त्याच सुमारास कच्च्या खाद्यतेलाच्या आयातीवर २० टक्के मूळ शुल्क लावलं, म्हणजे सोयाबीनवाल्याला बरं वाटावं. शिवाय लाडकी बहीण, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज, सोयाबीन-कापसाला हेक्टरी पाच हजार. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि ज्या नाशिक जिल्ह्याने सहा महिन्यांपूर्वी पाठ फिरवली होती, त्याच जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीच्या आल्या. राज्यात २८८ पैकी २३०.

त्या निवडणुकीच्या वेळी सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. म्हणजे शुल्क वाढलं तरी खिशात पैसे आले नव्हते. लोकांनी मत दिलं ते मुख्यतः घरात आलेल्या रोख पैशाला. त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा दरमहा दीड हजार जमा झाले, तिला हिशेब शिकवणारे आपण कोण? पण पुढचंही पाहायला हवं. कांद्याचं उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं, ते ठीक झालं. पण मे २०२५ अखेरीस कच्च्या खाद्यतेलाच्या आयातीवरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, तेही खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क माफ केलं आणि ती माफी डिसेंबरअखेर चालवली, ऐन वेचणीच्या हंगामात. तेव्हा विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती.

यातून शेतकऱ्याने घ्यायचा धडा कोणता? मताचा फटका बसतो हे खरं, पण तो पाच वर्षांतून एकदाच बसतो आणि त्याचा असर सहा महिन्यांत पुसता येतो. व्यापाऱ्यांकडे बघा. महापालिकांमधल्या एलबीटीविरुद्ध २०१३ मध्ये त्यांनी दुकानं बंद ठेवली. २०१४ च्या निवडणुकीत तो कर काढण्याचं वचन पदरात पाडून घेतलं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ करून घेतला. त्यांनी राग धरला नाही, मागणी धरून ठेवली. आपण राग धरतो, आणि पुढच्या हप्त्याबरोबर सोडून देतो.

एक गोष्ट गावच्या कारभाऱ्यांसाठीही. घरपट्टी वाढवली की सरपंच पडतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यापायी आकारणीची मुदत आली तरी नमुना आठ उघडायचा नाही, थकबाकी मागायची नाही, निवडणूक जवळ आली की वसुलीची गाडी गावातच आणायची नाही. परिणाम काय? दिवाबत्तीचं बिल थकतं, पाणीपुरवठ्याच्या मोटारीची वीज तुटते आणि शेवटी सरपंच पडायचा तो पडतोच. कारण माणसाला पट्टीचा राग येतो तो नळाला पाणी नसताना. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांनी ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवला, पट्टी किती आली, मोटारीला किती गेली हे सांगितलं, तर माणसं कुरकुरत का होईना भरतात. कर म्हटला की लोक चिडतात, हे अर्धंच खरं. न सांगता, चुकीच्या वेळी आणि काहीच परत न देता घेतला, की ते जास्त चिडतात. कांद्याचं शुल्क या तिन्ही परीक्षांत नापास झालं.

म्हणून मागणी साधी असावी. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, हे शेतकरीही मान्य करील. त्याचीही लेक शहरात नांदते. पण त्याची किंमत एकट्या चाळीवाल्याने का मोजायची? पहिली गोष्ट, लागवडीच्या आधी सांगा की अमुक भावाच्या वर गेलं तर निर्यातीवर अमुक बंधन येईल. मध्येच शनिवारी संध्याकाळी नियम बदलू नका. दुसरी, शुल्क लावलंच तर त्यातून जमलेला पैसा कांदा उत्पादकाच्या खात्यावर परत करा. तिसरी, सरकारला स्वस्त कांदा विकायचा असेल तर नाफेड आणि एनसीसीएफने बाजार समितीच्या आवारात उतरून, लिलावात बोली लावून तो घ्यावा. २०२३ मध्ये शुल्काच्या बदल्यात क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन खरेदीची घोषणा झाली होती. आपल्या आवारात त्यातली किती झाली, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. आणि हेच सूत्र सोयाबीनला, कापसाला, तुरीला लावा. आयातशुल्क कमी करायचं तर पेरणी होण्याआधी सांगा, पीक बाजारात आल्यावर नको.

हे कागदावर आणायला ग्रामसभेसारखी दुसरी जागा नाही. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, ठराव करा, प्रत खासदाराकडे पोचती करा आणि पोच दप्तरी लावा. मत मागायला कुठल्याही रंगाचा झेंडा गावात आला, की तो ठराव पुढे ठेवा आणि सही मागा. जो सही करील त्याची ती कागदावरची सही पुढच्या अधिसूचनेच्या दिवशी उपयोगी पडेल. जो टाळील, त्याला विचारायला आता नऊ महिने थांबायची गरज नाही.